कौल दिला, मग युद्ध का वाढलं?

७ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेत मध्यावधी निवडणूक झाली. बारा वर्षांनी अमेरिकी काँग्रेसची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती गेली. तिथली मध्यावधी निवडणूक सरकार पडलं म्हणून होत नाही. दर दोन वर्षांनी नोव्हेंबरात संपूर्ण प्रतिनिधीगृह आणि सिनेटचा तिसरा हिस्सा मतदारांसमोर जातो, आणि राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यावर येणाऱ्या फेरीला मध्यावधी म्हणतात. त्यामुळे कायदेमंडळ विरोधकांकडे गेलं तरी जॉर्ज बुश आणखी दोन वर्षं व्हाइट हाऊसमध्येच राहणार होते. लोक इराक युद्धाला कंटाळले होते, आणि निकालानंतर दोनच महिन्यांनी बुश यांनी इराकमधलं सैन्य वाढवलं.

हा गुंता मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण निवडणूक जिंकण्यापलीकडे मताला काय किंमत असते, हा प्रश्न त्यात थेट उभा राहतो. त्यावरची दोन परस्परविरोधी मतं मी इथे दोन माणसांच्या तोंडी घातली आहेत. मामा न्यू जर्सीतले निवृत्त इंजिनिअर, अमेरिकेचे नागरिक, त्या दिवशी मतदान केलेले. भाची पुण्यात राज्यघटना शिकवते. संवाद रचलेला आहे, त्यातल्या घटना घडलेल्या आहेत.

भाची : मामा, २००६ चं नाव काढलं की तू अजून चिडतोस. मला मात्र वर्गात सत्ताविभाजन शिकवताना त्या निवडणुकीपेक्षा चांगलं उदाहरण सापडत नाही.

मामा : चिडू नको तर काय करू? साडेतीन वर्षं युद्ध चाललं होतं. २,८०० हून अधिक अमेरिकी सैनिक गेले होते, इराकी माणसं किती गेली त्याचा तर नीट हिशोबही कोणी ठेवत नव्हतं. ज्या महासंहारक शस्त्रांच्या नावाने युद्ध सुरू केलं, ती सापडलीच नाहीत. आम्ही लोकांनी कौल दिला. प्रतिनिधीगृहात २३३ विरुद्ध २०२, सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४९. काँग्रेसमधली डेमोक्रॅटांची एकही जागा रिपब्लिकनांकडे गेली नाही. याहून स्पष्ट काय बोलायचं मतदारांनी? आणि १० जानेवारी २००७ ला बुश टीव्हीवर येऊन सांगतात की आणखी वीस हजारांहून जास्त सैनिक पाठवतोय. हा आमच्या मताचा अपमान होता.

भाची : पण मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी काय झालं ते बघ ना. संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड गेले. आठवड्यापूर्वीच बुश पत्रकारांना म्हणाले होते की ते शेवटपर्यंत राहणार. ८ नोव्हेंबरला त्यांनी जाहीरपणे कबूल केलं की आपल्या पक्षाने सपाटून मार खाल्ला, आणि त्याच पत्रकार परिषदेत रम्सफेल्ड यांच्या जागी रॉबर्ट गेट्स यांचं नाव घेतलं. मताचा इतका झटपट परिणाम आपल्याकडे मी कधी बघितला नाही.

मामा : तो मताचा परिणाम नव्हताच. बुश यांनी गेट्सना आधीच्या रविवारी टेक्सासमधल्या आपल्या रँचवर बोलावून घेतलं होतं. रम्सफेल्ड यांच्या राजीनाम्याच्या पत्रावर तारीख आहे ६ नोव्हेंबर, म्हणजे मतदानाच्या आदल्या दिवसाची. निर्णय झालेला होता. तो मतदारांपासून लपवला, एवढंच.

भाची : आणि तो निर्णय कशामुळे झाला? महिनोन्‌महिने जनमत चाचण्या पराभव दाखवत होत्या, रिपब्लिकन उमेदवार बुश यांच्यासोबत व्यासपीठावर यायला नको म्हणत होते. निवडणूक फक्त मतमोजणीच्या रात्री काम करत नाही, ती येणार आहे म्हणूनही सत्ताधारी वागणं बदलतात. दर दोन वर्षांनी हिशोब द्यावा लागतो, ही अमेरिकेच्या राज्यघटनेतली सर्वांत शहाणी गोष्ट आहे असं मला वाटतं.

मामा : हिशोब घेतला आम्ही. वसुली कुठे झाली?

भाची : त्याआधी एक विचारू? मतदार युद्धाविरुद्ध बोलले असं तू म्हणतोस. मग ऱ्होड आयलंडमध्ये काय झालं? २००२ मध्ये इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत देणारे एकमेव रिपब्लिकन सिनेटर म्हणजे लिंकन चेफी. ते हरले. शेजारच्या कनेटिकटमध्ये जो लीबरमन युद्धाचे ठाम समर्थक. त्यांच्याच पक्षाने ऑगस्टमधल्या प्राथमिक फेरीत त्यांना नाकारलं, तर ते अपक्ष उभे राहिले आणि नोव्हेंबरात निवडून आले. युद्धविरोधक पडला, युद्धसमर्थक जिंकला. शिवाय डेमोक्रॅटांचे ते ५१ लीबरमन धरून होतात. त्यांच्याविना बहुमतच नव्हतं.

मामा : कनेटिकट तुझं. पण ऱ्होड आयलंडने माझी बाजू बळकट केली. लोकांना चेफी आवडत होते. तरी त्यांना कळलं होतं की हा सज्जन माणूस निवडून आला तर सभागृहात रिपब्लिकनांचा आकडा एकाने वाढेल आणि समित्या बुश यांच्या पक्षाकडे राहतील. म्हणून मन घट्ट करून त्यांनी आपल्या आवडत्या माणसाला घरी बसवलं. मतदारांनी किती विचार केला होता, याचा याहून मोठा पुरावा नाही.

भाची : मग तू माझंच म्हणणं मान्य केलंस. त्यांनी धोरण निवडलं नाही, सभागृह कोणाच्या ताब्यात असावं ते निवडलं. आणि तो ताबा किती थोडक्या मतांवर आला बघ. व्हर्जिनियात तेवीस लाखांहून अधिक मतांपैकी दहा हजारांहूनही कमी मतांचा फरक, मोंटानात चार हजारांच्या आत. व्हर्जिनियाचे रिपब्लिकन सिनेटर जॉर्ज ॲलन ऑगस्टपर्यंत पुढे होते. मग एका सभेत त्यांनी प्रतिस्पर्ध्यासाठी चित्रीकरण करणाऱ्या भारतीय वंशाच्या तरुणाकडे बोट दाखवून त्याला हिणवलं, तो व्हिडिओ देशभर पोचला, आणि त्यांची आघाडी गळायला लागली. त्यांना पाडणाऱ्यांपैकी कोण इराकमुळे गेला आणि कोण त्या अपमानामुळे, हे कोण सांगणार? दहा हजारांहून कमी मतांच्या निकालावर 'देशाने सैन्य परत बोलावलं' असं लिहिता येत नाही.

मामा : तो व्हिडिओ आम्हा सगळ्या भारतीयांच्या जिव्हारी लागला होता, ते खरं. पण ॲलनना पाडलं कोणी? जिम वेब यांनी. रेगनच्या काळातले नौदलमंत्री, मुळात रिपब्लिकन. मुलगा मरीन सैनिक म्हणून इराकमध्ये, आणि बाप मुलाचे बूट घालून प्रचार करत होता. तो माणूस कशासाठी उभा आहे, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती.

भाची : बुश यांनाही कौल होता, मामा. २००४ मध्ये सहा कोटी वीस लाख लोकांनी त्यांना मत दिलं, तेही युद्ध चालू असताना. त्या वेळी दहापैकी सहा पात्र मतदार बाहेर पडले होते. २००६ मध्ये जेमतेम चार. अध्यक्षाला लोक निवडतात, काँग्रेसलाही लोकच निवडतात. दोघंही म्हणतात, आमच्या मागे जनता आहे, आणि दोघांचंही खरं असतं. संसदीय पद्धतीत हा पेच उभाच राहत नाही, अध्यक्षीय पद्धतीत तो घटनेतच आहे.

मामा : नंतरचा कौल ताजा नाही का?

भाची : ताजा आहे. म्हणून तर त्याने सभागृह बदललं. पण अध्यक्षाकडचं सरसेनापतिपद बदललं नाही, कारण ते त्या दिवशी मतपत्रिकेवर नव्हतं. मतपत्रिकेवर होत्या समित्या. कोणत्या विषयावर सुनावणी घ्यायची, कोणाला समन्स पाठवायचं, कोणतं विधेयक मतदानाला आणायचं. आणि तिजोरी. ४ जानेवारी २००७ ला नॅन्सी पेलोसी सभापती झाल्या, अमेरिकेच्या इतिहासातली पहिली स्त्री सभापती, आणि हे सगळं एका दिवसात दुसऱ्या हातात गेलं. फेब्रुवारीत एका वृत्तपत्राने वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांची कशी आबाळ होते ते छापलं, तेव्हा प्रतिनिधीगृहाच्या समितीने मार्चमध्ये सुनावणी घेतली ती त्या रुग्णालयातच. सरकारी वकिलांना राजकीय कारणांवरून काढल्याचं प्रकरण धसास लावलं. ॲटर्नी जनरल अल्बर्टो गोन्झालेस यांनी सिनेटच्या समितीपुढे एकामागून एक प्रश्नाला 'आठवत नाही' म्हटलं, आणि ऑगस्टमध्ये राजीनामा जाहीर केला. आधीचं बहुमत कायम असतं तर ते प्रश्न त्यांना कोणी विचारले असते?

मामा : प्रश्न विचारले, कबूल. पण युद्ध प्रश्नांनी थांबत नाही, पैसा बंद केल्याने थांबतं. आणि तो बंद करता येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मी या देशात नवा होतो तेव्हा, १९७३ मध्ये, काँग्रेसने कायदा करून १५ ऑगस्टनंतर इंडोचायनातल्या लष्करी कारवायांना पैसा बंद केला. कंबोडियावरची बॉम्बफेक त्या तारखेला थांबली. निक्सनसारखा हट्टी अध्यक्ष असूनही थांबली. मग २००७ मध्ये का नाही?

भाची : कारण १९७३ च्या उन्हाळ्यात व्हिएतनाममधली अमेरिकी फौज परतलेली होती, युद्धकैदी घरी आले होते. आणि वॉटरगेट प्रकरणाने निक्सन खिळखिळे झाले होते. २००७ मध्ये दीड लाखाच्या आसपास सैनिक इराकमध्ये उभे होते. पैसा रोखला असता तर 'रणांगणावरच्या पोरांच्या गोळ्या तोडल्या' हा आरोप प्रत्येक डेमोक्रॅटाच्या दारात येऊन पडला असता. तरी त्यांनी प्रयत्न केला ना? युद्धखर्चाच्या विधेयकात सैन्यमाघारीचं वेळापत्रक घातलं आणि दोन्ही सभागृहांत मंजूर करून घेतलं. १ मेला बुश यांनी नकाराधिकार वापरला. तो मोडायला दोन तृतीयांश मतं लागतात. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधीगृहात २२२ विरुद्ध २०३ झाली. बहुमत होतं, दोन तृतीयांश नव्हतं.

मामा : अगं, नकाराधिकार मोडायला दोन तृतीयांश लागतात, पैसा न द्यायला काहीच लागत नाही! विधेयक आणलंच नाही तर अध्यक्ष कशावर नकार देणार? तेच विधेयक पुन्हा पाठवायचं, पुन्हा, पुन्हा. वेळापत्रक घ्या आणि पैसे घ्या. तो हक्क प्रतिनिधीगृहाचा आहे, आणि आम्ही त्यांना तो वापरायला पाठवलं होतं. त्यांनी काय केलं? महिना संपायच्या आत वेळापत्रक गाळलं आणि पैसे देऊन टाकले. २५ मेला बुश यांनी सही केली. ते २००७ साल इराकमध्ये अमेरिकी सैनिकांसाठी संपूर्ण युद्धातलं सर्वांत जीवघेणं ठरलं. निवडणुकीनंतरचं साल, लक्षात घे.

भाची : २५ मेच्या त्याच कायद्यात आणखी काय होतं, ते तू सांगत नाहीस. किमान वेतन. १९९७ पासून तासाला ५.१५ डॉलरवर अडकलेलं. त्या कायद्याने ते तीन टप्प्यांत ७.२५ वर न्यायचं ठरलं. दहा वर्षं कोणी हात लावला नव्हता. भांडी घासणाऱ्या, मजले पुसणाऱ्या माणसाला तासाला दोन डॉलर दहा सेंट जास्त मिळाले ते या निवडणुकीमुळे.

मामा : आणि ते युद्धाच्या पैशाला जोडून मिळाले. हेच मला सलतं. आम्ही माणसं परत मागितली होती, त्यांनी सौदा केला.

भाची : ज्याला वाढ मिळाली त्याच्या घरात तो सौदा नव्हता, मामा.

मामा : त्याच्या घरातलाही पोरगा फौजेत असू शकतो, बाई.

भाची : हे तुझं मला खोडता येत नाही. पण मग वेब यांचंच पुढचं घे. त्यांनी मांडलं होतं की सैनिक जितका काळ युद्धावर राहिला, निदान तितकी विश्रांती त्याला घरी मिळाल्याशिवाय परत पाठवायचं नाही. सप्टेंबर २००७ मध्ये त्यांना ५६ मतं पडली. शंभरांत छप्पन्न! पण सिनेटमध्ये चर्चा लांबवून विधेयक अडवता येतं आणि तो अडसर काढायला साठ लागतात, म्हणून ते पडलं. तरी त्या माणसाने सोडलं नाही. परतलेल्या सैनिकांच्या कॉलेजशिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, हे विधेयक त्यांनी सिनेटमधल्या पहिल्याच दिवशी मांडलं होतं, आणि जून २००८ मध्ये त्यावर सही करावी लागली बुश यांनाच. दहा हजारांहून कमी मतांनी निवडून आलेल्या एका माणसाने एवढं केलं. मत वाया गेलं असं कसं म्हणू?

मामा : वाया गेलं असं मी म्हणत नाही. अर्धवट वापरलं, असं म्हणतो.

भाची : शिवाय वाढीव सैन्यानंतर, २००८ मध्ये, हिंसाचार खाली आला. इराकच्या अनबार प्रांतातल्या सुन्नी टोळ्या अल कायदाविरुद्ध उलटल्या हेही मोठं कारण होतं. श्रेय कोणाला किती, यावर वाद आहेत. पण समजा तुमच्या कौलाप्रमाणे जानेवारीतच माघार सुरू झाली असती आणि बगदाद आणखी पेटलं असतं, तर?

मामा : हा युक्तिवाद मला मान्य नाही. आमच्या मतापेक्षा अध्यक्षाला जास्त कळतं असं ठरवायचं असेल तर मत मागू नका. निर्णय चुकण्याचा हक्कही लोकांचाच. तुमच्याकडे बरं आहे. लोकसभेचा विश्वास गेला की सरकार जातं. वाजपेयींचं सरकार १९९९ मध्ये एका मताने पडलं आणि देश पुन्हा मतदानाला गेला. कोण जबाबदार, याचा घोळ नाही.

भाची : लांबून तसं दिसतं. २०१९ मध्ये महाराष्ट्राने एक विधानसभा निवडली. तिच्या मुदतीत मुख्यमंत्री म्हणून फडणवीस, ठाकरे आणि शिंदे अशा तिघांनी शपथ घेतली, आणि मतदाराला त्यात एकदाही विचारलं नाही. पक्ष फुटले, आघाड्या बदलल्या. मधल्या काळात विधानसभेपुरतं आपलं म्हणणं मांडायला लोकांकडे पोटनिवडणुकांखेरीज काही नव्हतं. तुझ्याकडे दर दोन वर्षांनी ठरलेला मंगळवार आहे. तो अध्यक्षाला पुढे ढकलता येत नाही. गेल्या शंभर वर्षांत १९३४, १९९८ आणि २००२ सोडले, तर प्रत्येक मध्यावधीत प्रतिनिधीगृहातल्या अध्यक्षाच्या पक्षाच्या जागा घटल्या. लोक सवयीने लगाम खेचतात. मला त्याचा हेवा वाटतो.

मामा : लगाम खेचून होतं काय? २००६ मध्ये घोडा थांबला नाही.

भाची : आणि थांबवतात तेव्हा? २०१८ च्या मध्यावधीत प्रतिनिधीगृह डेमोक्रॅटांकडे गेलं. तेव्हा त्यांनी सीमेवरच्या भिंतीला पैसा द्यायचा नाही हे ठरवलं आणि ते ठाम राहिले, तू २००७ मध्ये मागत होतास अगदी तसेच. ट्रम्पही हटले नाहीत. सरकारचं कामकाज ३५ दिवस अंशतः बंद पडलं. आठ लाख कर्मचारी बिनपगारी. तू अडवण्याचा आग्रह धरतोस, तर त्या ३५ दिवसांची जबाबदारीही तुला घ्यावी लागेल.

मामा : घेतो. अर्धी. वाद एका भिंतीचा आणि पगार अडले विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांचे, हे चूक. पण नाही म्हणायचं ठरलं तर त्याची किंमत असते, हे मला मान्य आहे. २००७ मध्येही असती. कदाचित ती निवडणूक हरण्याची असती.

भाची : मग आपल्यातला खरा फरक इथे आहे. मला वाटतं, मध्यावधीचा कौल म्हणजे विचारण्याचा हक्क दुसऱ्या हातात जाणं, आणि तो हक्क २००६ नंतर वापरला गेला. तुला वाटतं, तो नाही म्हणण्याचा हक्क आहे.

मामा : हो, आणि तो वापरला गेला नाही. पण तुझं ऐकून एक गोष्ट मला मान्य करावी लागते. आम्ही उमेदवारांना विचारलं, युद्धाविरुद्ध आहात का? सगळे हो म्हणाले, कारण तेवढं म्हणायला काही लागत नव्हतं. विचारायला हवं होतं, बुश नाही म्हणाले तर तुम्ही पैसा रोखाल का, आणि त्यासाठी खुर्ची गेली तरी चालेल का? ज्या गोष्टीचं वचन मतदानाआधी घेतलं नाही, ती नंतर कौलातून आपोआप निघत नाही.

भाची : हा प्रश्न तुझ्या प्रतिनिधीला तू विचारू शकतोस आणि तो पक्षाविरुद्ध मत देऊन उत्तरही देऊ शकतो, इथेच तुझी पद्धत वरचढ आहे. आमच्या खासदाराने व्हिप मोडला तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने त्याचं सदस्यत्वच जाऊ शकतं. मी माझ्या खासदाराला विचारलं, तुम्ही कशाला नाही म्हणाल, तर प्रामाणिक उत्तर येईल, 'पक्ष सांगेल त्याला'.

मामा : मग तू आधी तो कायदा बदलायला भांड. आणि मी पुढच्या मध्यावधीच्या प्रचारसभेत हात वर करून एकच प्रश्न विचारीन : अध्यक्षाने तुमचं ऐकलं नाही, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही काय करणार? ज्याच्याकडे उत्तर नसेल त्याला माझं मत नाही, तो माझ्या पक्षाचा असला तरी.

भाची : तो तुझ्या पक्षाचा असला तर सभागृह दुसऱ्या पक्षाकडे जाऊ शकतं, हे ऱ्होड आयलंडच्या लोकांसारखं तुलाही तोलावं लागेल.

मामा : तोलेन. पण प्रश्न विचारून झाल्यावर.